अंघोळीवरची बाग

पंचनामा हा मेल्याचा करतात, असं मनकर्णाबाईचं पक्कं मत होतं. विहिरीत कोणी सापडलं की पोलीस येतात, चार पंच उभे करतात, सह्या घेतात, त्याला पंचनामा म्हणायचं. तिच्या मोसंबीच्या बागेत असलं काही झालेलं नव्हतं. म्हणून तिचा जावई शहादेव बीडहून खास येऊन ओसरीवर बसला आणि म्हणाला, "मामी, बागेचा पंचनामा करून घेऊ. सरकार मदत देतंय," तेव्हा तिनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग विचारलं, "कावून? बाग जित्ती हाय की."

शहादेवला हसू आलं. ते त्याचं शेवटचं हसू. त्यानंतर दोन महिने तो हसला नाही, असं त्याची बायको शिवकन्या अजून सांगते. अर्थात ती लेक आईची, जमेल तिथं वाढवून सांगणारच.

शहादेव बीडला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लिपिक होता. कचेरीच्या नळाला पाणी नव्हतं, त्याच्या घरच्या नळाला पंधरा दिवसांतून एकदा यायचं, तरी कॉलनीतले लोक त्याच्याकडे पाणी त्यानंच अडवून धरल्यासारखे बघायचे. असा माणूस सरकारी कामाला घाबरत नाही. फाइल कुठल्या टेबलावर झोपते, कुठल्या टेबलावर मरते, हे त्याला पाठ. सासूबाईंचं एवढं काम म्हणजे दोन सह्या आणि एक चहा, असा त्याचा हिशेब होता. हिशेबात त्यानं सासूबाई धरल्याच नव्हत्या.

बागेला विमा नव्हता. त्या काळी विमा सोसायटीच्या कर्जातून कापला जायचा. कर्ज उचललं की हप्ता कापला, हप्ता कापला की विमा झाला, आणि आपल्याला विमा होता हे शेतकऱ्याला तो मेल्यावर त्याच्या बायकोकडून कळायचं. मनकर्णाबाईला कर्ज नव्हतं, कारण ती सोसायटीची सभासद नव्हती. सभासद नव्हती, कारण तिच्या नवऱ्यानं शेअरसाठी अर्ज दिला तेव्हा त्या वेळच्या चेअरमननं तो वाचून बाजूला ठेवला, आणि ती बाजू कुठली ते पुढं कोणालाच सापडलं नाही. बौद्धवाड्यातले सगळे अर्ज त्याच बाजूला गेले. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम. फक्त सगळे म्हणजे कोण, ते आधी ठरवून घ्यायचं असतं, आणि ते ठरवणाऱ्यांच्या घराण्यात अजून चेअरमनकी चालू आहे. बिनकर्जदारानं स्वतः जाऊन हप्ता भरायची सोय होती म्हणतात. ती सोय कुठल्या खिडकीत आहे, हे खिडकीत बसलेल्यालाही माहीत नसायचं.

त्या वर्षी मात्र सरकारनं जाहीर केलं की विमा असो-नसो, दुष्काळात फळबागेचं अर्ध्याच्या वर नुकसान झालं असेल तर मदत मिळेल. मनकर्णाबाईला मदत हा शब्द आवडला नाही. पण शहादेव म्हणाला, "मामी, त्या पैशातून पाऊस येईपर्यंत टँकर विकत घेता येतील." तेव्हा तिला विहीर आठवली. विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. नवऱ्यानं हातानं लावलेली, नवरा गेल्यावर तिनं एकटीनं वाढवलेली बाग होती ती. पाऊस येईपर्यंत झाडं टिकली तर टिकली, नाही तर सरपण. एवढाच प्रश्न होता.

"बरं," ती म्हणाली. "जावयांनी करावं मग."

जावयांनी सुरुवात तलाठ्यापासून केली. तलाठी धोंडीराम हा वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे पाच गावं, एक मोटारसायकल आणि कायम दुखणारी पाठ होती. त्यानं कागद काढला आणि म्हणाला, "हितं तर बाजरी हाय."

"भाऊसाहेब, वीस वर्षांची मोसंबी आहे तिथं."

"असंल. कागदावर बाजरी हाय. माझ्या आधीच्यानं बाजरी लिहिली, त्याच्या आधीच्यानं बी. आमी एकमेकाचं मोडत न्हाई. बाजरी जळाली असं लिहू का? आत्ता लिहितो."

"अहो, पण बाजरी तिथं नाहीच."

"मग तर शंभर टक्के नुकसान झालं की."

शहादेव स्वतः लिपिक होता, म्हणून त्याला या युक्तिवादाचं मनातून कौतुक वाटलं. पण त्याला मोसंबीच लागणार होती. बाजरीची मोसंबी करण्यात एक अर्ज, दोन साक्षीदार आणि नेकनूरच्या तलाठी कचेरीच्या सहा फेऱ्या गेल्या. कलम करणाऱ्या माळ्यालाही एवढा वेळ लागत नाही.

मग निघालं की विमा नसल्याचा दाखला पाहिजे, आणि तो सोसायटीनं द्यायचा. शहादेव सोसायटीचे चेअरमन सर्जेराव यांच्यापुढं जाऊन बसला. सर्जेरावांनी पंखा त्याच्याकडे वळवला. लाइट नव्हती, पण वळवला.

"देऊ की दाखला. पण दाखला आमाला सभासदालाच देता येतो."

"मग मामींना सभासद करून घ्या."

"करतो. पण सभासद झाल्यावर कर्ज उचलावं लागतं, न्हाईतर नाव निष्क्रियमधी जातं."

"उचलू."

"कर्ज उचललं की विमा कापला जातो."

"कापा."

"आन् मग विमा असलेल्या बाईला विमा न्हाई असा दाखला देऊ? शहादेवराव, मला तुरुंगात धाडता का?"

शहादेव घरी आला तो ताप आल्यासारखा. शेजारचे पाशाभाई आले. बस स्टँडजवळ त्यांचा फळांचा गाडा, आणि मनकर्णाबाईची मोसंबी दर वर्षी तेच उचलत. पाशाभाईंनी सल्ला दिला की चेअरमनला फळांची पेटी द्या. समोरचे निवृत्त गुरुजी म्हणाले, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. वरच्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, उपोषणाला बसा, मी रोज संध्याकाळी येत जाईन. बिनपैशाचा सल्ला द्यायला आपल्या लोकांइतका उदार समाज जगात नसेल. मदत मागा, दारं लागतात. सल्ला मागा, खुर्च्या येतात.

हे सगळं शिवकन्येनं फोनवर आईला सांगितलं. मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा गेली. बाहेरच्या पायरीवर न बसता आत खुर्चीवर बसली आणि सर्जेरावांना म्हणाली, "मी तुमची सभासद न्हाई, एवढं लिहून द्या."

सर्जेरावांनी ते मोठ्या आनंदानं लिहून दिलं. शिक्काही मारला. असली कामं त्या संस्थेत लवकर होतात. सभासद नाही म्हणजे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणजे विमा नाही. ज्या कागदानं तिच्या घराला इतकी वर्षं बाहेर ठेवलं, तोच कागद तिनं मागून आणला आणि कामाला लावला. शहादेवनं तो हातात घेतला आणि लिपिकाच्या नोकरीत प्रथमच त्याला वाटलं, आपण अजून शिकाऊ उमेदवार आहोत.

आता राहिला पंचनामा. तारीख कळली तशी कॉलनी पुन्हा जमली.

"भाई, एक ध्यानात ठेवा," पाशाभाई म्हणाले. "सरकारला हिरवं दिसलं की ते डोळे मिटून घेतं. सुकलेलं दाखवा. आठ दिवस पाणी बंद. बाग बघून तलाठ्याला रडू आलं पाहिजे."

शहादेवला पटलं. पाणी बंद ठेवा असा त्यानं फोनवर निरोप दिला. मनकर्णाबाई "बरं" म्हणाली. तिच्या बरंचा अर्थ बरं असा होत नाही, हे त्याला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं.

पंचनाम्याच्या दिवशी तो पहिल्या एसटीनं निघाला, नेकनूरच्या पुढं फाट्यावर उतरला आणि धुळीतून चालत बागेत पोचला. बागेत तो कित्येक महिन्यांनी पाऊल टाकत होता. जावई म्हणून तो नेहमी ओसरीपर्यंतच यायचा. चहा, पोहे, टेकायला उशी, आणि परत. समोरचं दृश्य बघून तो थांबलाच.

बाग हिरवी होती. चहूबाजूंनी डोंगर उघडे, रानं पांढरी, बाभळीसुद्धा राखेच्या रंगाच्या, आणि मधोमध ही बाग हिरवी. झाडाझाडांना जुनी लुगडी बांधलेली, आणि त्या आडोशांमागून पाण्याचा, तांब्यांचा आणि गाण्यांचा आवाज येत होता. एका लुगड्यामागून एक माणूस ओलं डोकं पुसत बाहेर आला, शहादेवला "जयभीम" घातला आणि सायकलवर बसून निघून गेला. तो गावचा पोस्टमन होता.

मनकर्णाबाईनं काय केलं होतं, ते ऐका. विहीर आटली तेव्हा ती घरोघरी गेली. सरकारी टँकर प्रत्येक घराला अंघोळीपुरतं पाणी देत होता, आणि ते पाणी अंगावरून उतरून गटारात जात होतं. ती म्हणाली, अंघोळ माझ्या बागेत करा. प्रत्येक झाडाच्या आळ्यात तिनं शहाबादी फरशीचा तुकडा बसवला, आडोसा बांधला, घराघराला झाडं वाटून दिली. ज्याचं पाणी त्याचं झाड. एकाचं पाणी दुसऱ्याच्या झाडाला नाही. साबण नाही, बेसन लावा, नाही तर नुसतं घासा. पुढच्या बहाराला त्या झाडाची टोपलीभर मोसंबी त्या घरची. बौद्धवाडा आला, मग पोस्टमन आला, मग मशिदीमागची घरं आली, आणि गावाच्या वरच्या आळीतल्या बायकासुद्धा यायला लागल्या, कारण न्हाणीघर नसलेल्या बाईला आडोसा मिळाला की आळी आठवत नाही. गावातला कोण किती वेळा अंघोळ करतो, हे आता झाडं बघून कळायचं. बाळंतिणीचं झाड सगळ्यांत दाट होतं. ग्रामपंचायतीच्या शिपायाचं जेमतेम तग धरून होतं.

हे बघून दुसरा कोणी टाळ्या वाजवत बसला असता. शहादेवनं कपाळाला हात लावला. "मामी, मी पाणी बंद करायला सांगितलं होतं."

"मी कुठं घातलं? लोकं अंघोळ करत्यात. अंघोळ बंद करा असं कसं सांगू, जावईबापू? जगात काय तोंड दाखवू?" मग तिनं त्याच्या धुळीनं माखलेल्या डोक्याकडे पाहिलं. "तुमी बी दमून आलाव. आधी अंघोळ करा."

जावई आला आणि बिनअंघोळीचा बसला, हे त्या घरात होणं शक्य नव्हतं. तो नाही म्हणाला. ती ऐकत नव्हती. शेवटी तिनं त्याला एका आडोशाशी नेलं, "हे तुमचं झाड," असं जरा घाईनं सांगितलं, आणि बादली व बेसनाची वाटी ठेवून गेली. शहादेवनं कपडे फांदीला अडकवले, कमरेला पंचा गुंडाळला, अंगभर बेसन चोळलं. नेमका त्याच वेळी वाऱ्यानं आडोसा उडाला आणि समोर पंचनाम्याला आलेलं पथक उभं.

तलाठी धोंडीराम, बरोबर शेतीखात्याचा एक आणि ग्रामपंचायतीचा एक. हळद लागलेला नवरदेव मांडवातून पळून यावा, तसा पिवळाजर्द शहादेव त्यांच्याकडे बघत राहिला.

"फोटो काढायचा हाय," धोंडीराम म्हणाला. "पिकासोबत शेतकऱ्याचा. हलू नका."

"मी शेतकरी नाही."

"दिसत बी न्हाई," असं म्हणून त्यानं फोटो काढला.

पुढं पंचनामा झाला तो असा की मनकर्णाबाई पथकाला अभिमानानं झाड न् झाड दाखवत निघाली. हे पोस्टमनचं, हे बाळंतिणीचं, हे सुभद्राबाईचं. मागून शहादेव बेसन वाळत चाललेल्या हातांनी खुणा करत होता की हिरवं दाखवू नका. बेसन वाळलं की चेहरा आवळतो, त्यामुळे तो हसतोय असं सगळ्यांना वाटलं.

"पण फळ कुठं हाय?" धोंडीरामनं विचारलं.

"पाडलं. झाड वाचवायचं तर लेकुरवाळं ठिवून चालत न्हाई. लिंबाएवढी झाल्याबरोबर हातानं तोडली सगळी."

"तुमी तोडली? मग मावशे, ती नैसर्गिक आपत्ती न्हाई होत."

"मग काय होतं?"

"त्याला रकाना न्हाई." धोंडीरामनं पाठीवर हात ठेवून जरा विचार केला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघा, मी लिहितो झाडं जळाली म्हणून. कोण बघायला येतंय? तुमी निस्ती सही करा."

शहादेवनं स्वतः धावत जाऊन फांदीवरच्या शर्टातलं पेन आणून सासूच्या हातात दिलं. तिला सही येत होती. पन्नाशीनंतर शिकली होती, म्हणून ती सही जपून वापरायची.

"जित्या झाडाला मेलं लिहायचं, आन् खाली माझी सही?" ती म्हणाली. "पोस्टमन रोज त्याच्या बुडाला अंघोळ करतो. मेल्याच्या नावानं अंघोळ करतो म्हणू का त्याला?" आणि तिनं पेन जावयाच्या खिशात परत खोचलं. त्याला खिसा नव्हता, पंचाच होता, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही.

शेवटी धोंडीरामनं जे दिसलं तेच लिहिलं. झाडे हिरवी. फळ नाही. पाण्याचा स्रोत : अंघोळ.

तहसीलमध्ये हे वाचून कोणाला तरी वाटलं की आपली थट्टा चालली आहे. फोटो नीट बघितला गेला. पिवळा इसम कोण, याची चौकशी झाली. आणि एका सोमवारी शहादेवच्या टेबलावर त्याच्याच खात्याची नोटीस आली, की टंचाईच्या काळात पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यानं उघड्यावर पाणी वाया घालवल्याबद्दल कारवाई का करू नये.

अशा नोटिसा शहादेवनं इतरांसाठी टाइप केल्या होत्या. स्वतःचं नाव त्यात वाचण्याचा अनुभव नवा होता. रात्रभर बसून त्यानं खुलासा लिहिला. त्यातलं एक वाक्य कचेरीत अजून लोकांना तोंडपाठ आहे : 'सदर स्नान हे जावई या नात्याने व सासूबाईंच्या आग्रहास्तव करण्यात आले असून, त्यामागे कोणताही वैयक्तिक हेतू नव्हता.'

"घरी अंघोळीचा कंटाळा, आन् तिकडं जाऊन फोटो काढून घेता," शिवकन्या म्हणाली.

इकडं टँकरची एक खेप कमी झाली. अंघोळी दिवसाआड आल्या. पानं कडेनं वळायला लागली. मनकर्णाबाई तक्रार करणारी नव्हती, पण फोनवर लेकीनं बागेचं विचारलं की ती शेळीबद्दल सांगायची. शिवकन्या फोन ठेवायची आणि भांडी आपटायची. शहादेवला ते भांड्यांतून कळायचं. त्यानं पुन्हा अर्ज केला. प्रत्यक्ष पाहणी करा म्हणून तहसीलच्या दारात उभा राहिला. ज्या दारात आपण साहेब म्हणून जातो, तिथं अर्जदार म्हणून उभं राहिलं की शिपायाचा आवाजसुद्धा वेगळा लागतो, हे त्याला तिथं कळलं. हे ज्यांना रोज ऐकावं लागतं त्यांना कळून काय होतं, ते विचारू नका.

नायब तहसीलदार मॅडम आल्या. तरुण होत्या, उन्हानं लाल झाल्या होत्या आणि सकाळपासून चार मेलेल्या बागा बघून आल्या होत्या. अख्खं गाव बागेत जमलं. पाशाभाई टेम्पो घेऊन बीडहून आले. सर्जेरावही आले होते, कारण यांच्या विहिरीत पाणी आहे आणि अंघोळीचं निमित्त करतात, अशी तक्रार त्यांनीच वर दिली होती.

मॅडमनी वाकून विहीर बघितली. मग एका झाडाच्या आळ्यातली ओली माती बोटांत चोळली, वासही घेतला. बेसनाचा वास आला.

"आजी, बाग फार छान जगवलीत," त्या म्हणाल्या. "अडचण तीच आहे. फळ तुम्ही तोडलं, झाडं हिरवी आहेत. मला वर लिहावं लागेल की इथं दुष्काळ पडला. तो दिसतोय कुठं? वरचे म्हणतील, पाणी लपवलंय."

"तेच तर म्हणतो मी," सर्जेराव म्हणाले. "अंघोळीवर कुठं बाग जगती का? कोण येतं हितं अंघोळीला?"

"मी येते," गर्दीतून आवाज आला. सुभद्राबाई काठी टेकत पुढं आली. ती सर्जेरावांची सख्खी आई. "तू टाकी भरून कुलूप लावतुस, आन् किल्ली घिऊन सोसायटीत बसतुस. मग मी कुठं जाऊ? ते तिसरं झाड माझं हाय. हिनं मला सभासद हाय का इचारलं न्हाई."

सर्जेरावांनी मोबाइल कानाला लावला आणि न वाजलेल्या फोनवर बोलत बोलत ते फाट्याच्या दिशेनं गेले ते गेले.

लोक हसले, पण मॅडमचं पेन हललं नाही. "अंघोळीचं मला पटलं. पण साक्षीवर नुकसान मंजूर होत नाही. दुष्काळाची एक तरी खूण दाखवा. इथं एकही झाड वाळलेलं नाही?"

"न्हाई," पोस्टमन म्हणाला.

"एकबी न्हाई," बाकीचे म्हणाले, जरा जास्तच एकदम.

"मग विहिरीशेजारी ते काय आहे?"

विहिरीच्या काठाला एक झाड बुडापासून शेंड्यापर्यंत लुगड्यांत गुंडाळलेलं होतं. नवरीसारखं.

"तिथं अंघोळ चाललीय, मॅडम," पाशाभाईंनी मान खाली घालून सांगितलं. मॅडमनीही मान वळवली. सभ्य माणसं वळवतातच. पण त्या येऊन तास झाला होता. एवढा वेळ एवढ्या दुष्काळात कोण अंघोळ करतंय, असा प्रश्न शहादेवमधल्या पाणीपुरवठ्याच्या लिपिकाला पडला. तो उठला. मनकर्णाबाई "राहू द्या, जावईबापू," म्हणाली. तो थांबला नाही. त्यानं लुगडं ओढलं.

आत झाड होतं. वाळलेलं, काळं, एकही पान नसलेलं. बोट लावलं तर साल सुटून हातात आली.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. "कुणाचंच न्हाई," पोस्टमन म्हणाला. "जंगली हाय," आणखी कोणी म्हणालं. मनकर्णाबाईनं तोंड फिरवलं होतं. सुभद्राबाईला मात्र वयामुळं खोटं बोलायला वेळ लागायचा. ती म्हणाली, "जावयाचं."

मग त्याला सगळं उमगलं. झाडं वाटली तेव्हा बागेतलं पहिलं, विहिरीकाठचं मानाचं झाड जावयाचं ठरलं होतं. जावयाच्या झाडाखाली दुसऱ्यानं अंघोळ करायची नाही. कोणी केलीही नाही. आणि जावई बागेत येणार कधी? आला तर ओसरीवर. मानानं झाड ठेवलं, मानानंच मेलं. पंचनाम्याच्या दिवशी तिनं त्याला घाईघाईनं दुसऱ्याच झाडाखाली नेलं होतं. त्या दिवशीही हे झाड दाखवलं असतं तर काम तिथंच झालं असतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण जावयाचं झाड मेलं हे चारचौघांत दाखवण्यापेक्षा ती टँकरवाचून राहायला तयार होती. आणि तिच्यासाठी सगळं गाव गप्प बसायला तयार होतं.

शहादेवनं शर्टाची बटणं नीट केली. कचेरीत साहेबांपुढं जाताना तो तसं करायचा.

"मॅडम, हे झाड माझं आहे," तो म्हणाला. "मी वर्षातून दोनदा अंघोळ करतो."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"म्हणजे इथं. घरी रोज करतो."

"रोज न्हाई, भाई," पाशाभाई हळूच म्हणाले. "तुमच्या नळाला पंधरा दिवसांनी पाणी येतं."

"मॅडम, तुम्हाला दुष्काळ बघायचाय ना," शहादेव पुढं म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, जो कचेरीत कधी चढला नव्हता. "तो हा बघा. विहिरीपासून हातभर अंतरावरचं झाड आहे हे. विहिरीत पाणी असतं तर आधी हे जगलं असतं. बाकीच्या झाडांना माणूस होता, याला नव्हता. या बाईनं गाव जमवलं नसतं तर सगळी बाग अशी दिसली असती, आणि तुम्ही सकाळी चार ठिकाणी लिहिलं तसं इथंही पाच मिनिटांत लिहून गेला असता. मेलेल्याला मदत आणि जगवणाऱ्याला नोटीस, हा कुठला कायदा आहे? फळ तिनं तोडलं नाही, दुष्काळानं तिच्या हातानं तोडलं. हे लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. मग मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. समासही भरला. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "बाधित झाडासोबत फोटो लागेल. कोण उभं राहतंय?"

शहादेव वाळलेल्या झाडाशेजारी जाऊन उभा राहिला. गाव समोर होतं. मनकर्णाबाईनं आता तोंड इकडं वळवलं होतं, आणि ती बघत होती.

"अहो, जरा नुकसान झाल्यासारखे दिसा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं प्रयत्न केला. जमलं नाही. तो फोटो तसाच वर गेला.

मदत मंजूर झाली. पैसे उशिरा आले, पण त्या वर्षी पाऊस त्याहून उशिरा आला, म्हणून सरकारची लाज राहिली. टँकर आले. वळलेली पानं सरळ झाली. बाग पावसाला पोचली.

विहिरीकाठच्या खड्ड्यात मनकर्णाबाईनं नवं रोप लावलं, आणि त्याचा मान पाशाभाईंना देऊन टाकला, कारण ते मालासाठी आठवड्यातून दोनदा येत होते. हे शहादेवला शिवकन्येकडून कळलं. त्या रात्री तो जेवला नाही. शनिवारी सासूला फोन केला.

"मामी, ते झाड माझं आहे."

"तुमाला लांब पडतं, जावईबापू."

"पडू द्या."

तेव्हापासून दर रविवारी बीडहून नेकनूरकडं सुटणाऱ्या पहिल्या एसटीत एक सरकारी लिपिक बसलेला दिसतो. मांडीवर पिशवी, पिशवीत पंचा आणि बेसनाची पुडी. आठवड्याची अंघोळ त्यानं राखून ठेवलेली असते. शेजारचा प्रवासी नाकाला रुमाल लावून सरकून बसतो. शहादेव खिडकीकडे सरकतो, त्याला जास्त जागा करून देतो, आणि बागेचा फाटा येईपर्यंत मोठ्या मानानं बाहेर बघत राहतो.